नाणेघाटाखालची टाकसाळ

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाले की वैशाखरे गावापासून एक पायवाट डोंगराकडे वळते. चढण संपत आली म्हणजे कातळात कोरलेले एक लेणे लागते, आणि तेथून दगडी नाळेने वर गेले की घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण दिसतो. हाच नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल ज्या वाटेने जुन्नर-पैठणला जाई, ती ही वाट. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी या रांजणात टाकायची, असे परंपरा सांगते.

२००४ सालच्या हिवाळ्यात मी सातवीची मुले घेऊन तेथे गेलो होतो. लेण्यातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख दाखवला, राणी नागनिकेचे नाव सांगितले, यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणे यांची यादी वाचून दाखवली. मुलांचे लक्ष अर्थातच शिदोऱ्यांकडे होते. एक किडकिडीत पोरगा मात्र रांजणात डोके घालून उभा होता. आतूनच त्याने घुमत्या आवाजात विचारले, "गुरुजी, नाणी टाकली सगळ्यांनी. पण ती पाडली कुणी?"

"राजाने," मी म्हणालो.

"आणि आपण पाडली तर?"

"तर शिपाई धरून नेतील!" सगळी मुले हसली आणि आम्ही भाकऱ्या सोडल्या.

मास्तराच्या पेशात असे पुष्कळ होते. उत्तर दिले जाते, मुले पुढच्या वर्गात जातात, आणि ते उत्तर अर्धे खोटे होते हे मास्तराला फार पुढे कळते. माझे 'राजाने' हे उत्तर तसलेच निघाले. ते दुरुस्त करण्याची बुद्धी मला त्याच पोराने दिली, तीही तेरा वर्षांनी, शहापुरातल्या एका भाड्याच्या खोलीत, चार पंख्यांच्या घोंघाटात.

आधी जुनी गोष्ट सांगतो. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई चालू झाली, हे आपण सारे शाळेत शिकलो. ती तांब्याची शिवराई पुढे दोनशे वर्षे बाजारात फिरत राहिली. आता कोणा संग्राहकाच्या पेटीतल्या पाच-पन्नास शिवराया हातात घेऊन पाहा. एकीवरची अक्षरे सुबक, दुसरीवरची वेडीवाकडी. कुठे 'छत्रपती'मधले अक्षर गळालेले, कुठे 'राजा'चा काना नाण्याच्या कडेबाहेर पडलेला. एकाच सरकारी टाकसाळीतून असा माल निघत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टाकसाळींवर १८९९ साली एक निबंध वाचला. पेशवे दप्तरातले कागद पाहून त्यांनी दाखवून दिले की पेशवाईत नाणी पाडण्याचे परवाने खासगी माणसांना दिले जात. १७४४ साली नागोठणे आणि रेवदंडा येथल्या मंडळींना तांब्याची नाणी पाडण्याचा असा परवाना मिळालेला आहे. सरकारने वजन ठरवून द्यायचे, आपला हिस्सा घ्यायचा. भट्टी, ठसा आणि हातोडा घरचा. नागोठणे आमच्यापासून काही लांब नाही. म्हणजे आमच्या कोकणपट्टीत घरच्या आवारात नाणी पडत होती आणि शिपाई कोणाला धरून नेत नव्हते!

अर्थात यात खोटही निघे. वजन मारले जाई, हिणकस धातू मिसळला जाई, तक्रारी वाढल्या की टाकसाळी बंद केल्या जात. रुपयांचे तर इतके प्रकार होते की अंकुशी, चांदवडी असे एकेक पारखून सराफ त्यावर बट्टा घेई, आणि गरिबाचे नाणे त्याच्या हातातच हलके होई. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एक छापाचा रुपया चालू केला आणि हा गोंधळ हळूहळू ओसरला. म्हणजे नाणे पाडणे हे फक्त सरकारचे काम, ही आमची ठाम समजूत नीट मोजली तर पावणेदोनशे वर्षांचीच.

कारण २००९ साली ते काम पुन्हा घरात आले.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव लावून कोणी एका अज्ञाताने एक नऊ पानी निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइन नावाच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. मी मुद्दाम वही म्हणतो. लोक या उद्योगाला खाणकाम, म्हणजे 'माइनिंग' म्हणतात, त्यामुळे उगीच कुदळ-फावडे डोळ्यांपुढे येते. खरे तर ही अर्धी कारकुनी आणि अर्धी टाकसाळ आहे. कोणी कोणाला किती दिले याची ही एक खतावणी. तिच्या प्रती जगभर हजारो यंत्रांत ठेवलेल्या. सुमारे दर दहा मिनिटांनी तिच्यात एक पान वाढते. आपला वाणी पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून बाकी' लिहितो ना, तशी येथेही प्रत्येक पानावर मागल्या पानाची खूण लिहिलेली असते. मागचे एक अक्षर कोणी खोडले की पुढच्या साऱ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते.

ही खूण कशी काढतात? जात्यात दाणे घालावेत तसे पानावरचा सगळा मजकूर एका गणिती जात्यात घालायचा. पीठ म्हणून एक लांबलचक आकडा बाहेर येतो. मजकुरातला एक दाणा बदला, सारे पीठ बदलते. आणि पिठाचे पुन्हा दाणे काही होत नाहीत. या दळणाला 'हॅश' म्हणतात आणि जात्याचे नाव शा-२५६. आता पान वहीत चिकटवण्याची अट अशी की त्या आकड्याच्या सुरुवातीला ठरावीक शून्ये आली पाहिजेत. ती आपल्या मर्जीने येत नाहीत. म्हणून पानाच्या कोपऱ्यात एक फुटकळ आकडा लिहायचा, दळायचे, शून्ये आली नाहीत तर आकडा बदलायचा, पुन्हा दळायचे. ज्याला शून्ये आधी सापडतील त्याचे पान वहीत लागते आणि बक्षीस म्हणून काही नवी नाणी त्याच्या नावे जमा होतात. सुरुवातीला ती पन्नास होती. सुमारे दर चार वर्षांनी निम्मी होत २०२४ च्या एप्रिलात सव्वातीनच्याही आत, ३.१२५ वर आली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधी जाणार नाहीत, असा त्या वहीचा नियम आहे.

मला यात मौज वाटली ती वेगळीच. नाणेघाटाच्या लेखातले आकडे हे आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या कोरीव आकड्यांपैकी आहेत. दहासाठी, शंभरासाठी, हजारासाठी त्यांत निरनिराळी चिन्हे आहेत. पण शून्य नाही. शून्याचा शोध पुढचा. त्या राणीच्या कारकुनाने हजारो कार्षापणांचा हिशेब शून्यावाचून कातळात कोरला, आणि दोन हजार वर्षांनी त्याच घाटाच्या पायथ्याच्या पोराने नाणे पाडायचे म्हणून रात्रंदिवस शून्येच शोधावीत!

तो पोरगा आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून शहापुरात टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त करीत असे. २०१७ च्या पावसाळ्यात मुरबाड-सरळगाव-किन्हवली अशी एसटी बदलत मी काही कामासाठी शहापूरला गेलो, तर त्याने मला बाजारपेठेत गाठले आणि ओढतच खोलीवर नेले. दार उघडताच भट्टीसारखी ऊब अंगावर आली. मोडक्या खाटेच्या सागवानी पट्ट्यांची चौकट, तिच्यात चार-चार बोटांच्या अंतराने टांगलेली चार ग्राफिक्स कार्डे, खाली एक उघडे मदरबोर्ड, आणि बाजूला गिरणीसारखे गुंगुंणारे एक लोखंडी खोके. वर दोरीवर त्याच्या आईने ओली लुगडी वाळत घातली होती. श्रावणातसुद्धा ती तासाभरात खडखडीत होत, असे ती माउली कौतुकाने म्हणाली.

"गुरुजी, शिपाई नाही आले अजून," तो हसून म्हणाला. माझा रांजणापाशी केलेला विनोद त्याने तेरा वर्षे जपला होता.

घरी यंत्र बांधणाऱ्यांचा इतिहास त्याला तोंडपाठ होता. प्रथम साध्या संगणकाच्या मेंदूवरच हे दळण चाले. घरोघरीचे लोक रात्री यंत्र चालू ठेवून निजत. ग्राफिक्स कार्ड हे खेळातली चित्रे रंगवण्यासाठी केलेले, पण एकच साधे काम हजारो हातांनी एकदम करणे हा त्याचा गुण. ते या कामाला जुंपले तर बाकीचे मागे पडतील, म्हणून ही चढाओढ जमेल तितकी लांबवावी, अशी विनंती सातोशीने डिसेंबर २००९ मध्येच केली होती. अशा विनंत्या जगात कोण ऐकतो! २०१० साली लास्लो हान्येच याने कार्डावर दळण चालवून दाखवले. याच गृहस्थाने त्या वर्षीच्या २२ मेला दोन पिझ्झ्यांसाठी दहा हजार बिटकॉइन दिले. मग परदेशात लोकांनी दुधाच्या क्रेटांत कार्डे मांडली. त्यानंतर आली हवी तशी जुळणी करता येणारी एफपीजीए नावाची चिप, आणि २०१३ च्या आरंभी हे एकच काम करणारी, दुसरे काहीच न येणारी खास चिप बाजारात उतरली. त्या वर्षात बिटकॉइनच्या बाबतीत घरच्या कार्डांचा खेळ संपला. पुढे जेथे वीज स्वस्त तेथे गोदामेच्या गोदामे भरून ती यंत्रे लागली.

"मग तुझी कार्डे काय करतात?" मी विचारले.

ती इथर पाडीत होती. हे दुसरे नाणे २०१५ साली निघाले. त्याचे दळण असे रचले होते की वेगापेक्षा स्मरणशक्ती अधिक लागावी. खास चिपांना तेथे फारसा वाव नव्हता आणि घरचे कार्ड टिकून होते. एकट्याने पान सापडणे अशक्य, म्हणून जगभरचे हजारो जण मिळून दळत आणि ज्याचे जितके दळण तितका त्याला वाटा; थेट आपल्या दूध डेअरीसारखे. ज्याच्या त्याच्या मापाने मोजून घ्यायचे.

पण मला त्या नाण्यांपेक्षा त्याच्या हातांचे अधिक नवल वाटले. कार्डे लॅमिंग्टन रोडवरून जुनी घेतलेली. ते लोखंडी खोके म्हणजे भंगारातला सर्व्हरचा वीजपुरवठा. त्याला बटण नसते; कोणत्या दोन पिना जोडल्या म्हणजे तो जागा होतो हे शोधून त्याने जाड तारा स्वतः डाखल्या होत्या. चौकटीला हात लावला की झिणझिण्या येत, म्हणून घरमालकाच्या मागे लागून परसात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून नवे अर्थिंग केले. एकदा एक पाल गारव्याला म्हणून की उबेला म्हणून त्या खोक्यात शिरली, स्वतः गेली आणि दोन रात्रींचे काम घेऊन गेली. तेव्हापासून खोक्याला मच्छरदाणीचे कापड. कार्डांचे व्होल्टेज थोडे थोडे उतरवीत त्याने असा बिंदू काढला होता की दळण किंचित कमी व्हावे, पण वीज पुष्कळ वाचावी. ही सारी निरीक्षणे दोनशे पानी वहीत, तारीखवार. शाळेत याचे प्रयोगवहीचे पाच गुण मी कापले होते, अक्षर वाईट म्हणून.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मीही खुमखुमीने कागद-पेन्सिल घेऊन बसलो. केन शिरिफ नावाच्या अमेरिकन अभियंत्याने २०१४ साली हे दळण हाताने करून पाहिले. एका फेरीला त्याला पावणेसतरा मिनिटे लागली. बिटकॉइनच्या एका दळणात अशा एकशे अठ्ठावीस फेऱ्या. म्हणजे अखंड बसला तर एक दळण दीड दिवसाने. मला एका फेरीला अख्खी दुपार लागली आणि शेवटी एका जागी शून्याऐवजी एक आला. बायकोने फराळाचे ताट पुढे सरकवून विचारले, "किती नाणी पडली?"

त्या वर्षअखेर बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरांच्या जवळ गेला आणि सगळ्यांनाच वेड लागले. पोराच्या दुकानी माणसे येऊ लागली. "आमचेपण पन्नास हजार लाव रे." त्याने एकाचाही पैसा घेतला नाही. नातलग रुसले, मीसुद्धा म्हटले की मदत म्हणून घ्यायला काय हरकत आहे? त्याने मला वही उघडून दाखवली. सहाशे वॉटचे यंत्र, चोवीस तास, म्हणजे महिन्याला चारशे तीसवर युनिटे. इतके बिल, इतकी झीज, उरते ते इतके. आणि दळणारे वाढले की तेही कमी. "यातनं दरमहा ठरलेली रक्कम देतो असं जो म्हणेल, गुरुजी, त्यानं यंत्र उघडून बघितलेलंच नाही."

२०१८ साली पुण्यात गेनबिटकॉइनचे प्रकरण उघडकीस आले. माइनिंगच्या नावाखाली दरमहा दहा टक्के, अठरा महिने, अशी आमिषे दाखवून देशभर लोकांना लुबाडले, असा त्यात आरोप आहे. वर्तमानपत्रात ते वाचताना मला त्या वहीतले वेडेवाकडे अक्षर आठवले आणि माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

त्याची स्वतःची अडचण मात्र निराळीकडून आली. वैशाखात बहिणीचे लग्न ठरले होते. वडिलांना त्याने शब्द दिला होता की मांडव आणि जेवणाचा खर्च माझ्याकडे, भात विकू नका. आणि ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक निघाले: या आभासी चलनांचा व्यवहार करणाऱ्यांना बँकांनी सेवा देऊ नये. भाव तर जानेवारीपासून घसरतच होता. त्याच्या नावे नाणी जमा होती, दूरच्या त्या वहीत ती सगळ्या जगाला दिसत होती, पण शहापूरच्या मांडववाल्याला द्यायला त्यांचा रुपया करावा तरी कसा? पेशवाईतला सराफ बट्टा घेऊन का होईना, नाणे बदलून देई. येथे सराफाचे दारच बंद.

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी कणगीचे तोंड उघडले, आणि ते न बोलणे पोराला फार लागले. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून तो आसनगावहून मुंबईला गेला आणि चारांपैकी दोन कार्डे विकून आला. गंमत पाहा, ज्या कार्डांनी पाडलेली नाणी कोणी घेत नव्हते, त्या कार्डांना त्या दिवसांत तुटवड्यामुळे रोकडा भाव होता. टाकसाळ अर्धी विकून लग्न झाले. मी त्या लग्नात पंगत वाढली. भाताचे मात्र निम्मे पोते विकले गेले होते ते गेलेच.

४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. पोराने पुन्हा दोन कार्डांची चार केली. टाळेबंदीत दुकान बंद असताना त्याच चार कार्डांनी घरचा किराणा भरला, हेही सांगितले पाहिजे. मग १ एप्रिल २०२२ पासून अशा उत्पन्नावर तीस टक्के कर आला. यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा धरता येणार नाही, असे सरकारने संसदेत स्पष्ट केले. म्हणजे भट्टी, ठसा आणि हातोडा घरचाच, पण त्यांची किंमत हिशेबात नाही! पेशव्यांचे कारकून याहून उदार होते की नव्हते, यावर आम्ही एक संध्याकाळ वाद घातला.

शेवट करातून झाला नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथरच्या वहीने आपली रीतच बदलली. पाने लावण्यासाठी दळण नको, ज्याने नाणी तारण ठेवली त्याने पान लावावे, असे ठरले. एका दुपारी जगभरच्या लाखो कार्डांचे काम संपले. मी संध्याकाळी फोन केला तर मागे घोंघाट नव्हता. "किती शांत वाटतंय खोलीत," तो म्हणाला, आणि थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. त्या पावसात त्याच्या आईची लुगडी तीन-तीन दिवस वाळली नाहीत.

कार्डे विकली गेली. वीजपुरवठ्याचे ज्ञान राहिले. आज किन्हवली-डोळखांबपर्यंतचे लोक इन्व्हर्टर आणि सौरपंपांचे नियंत्रक दुरुस्तीला त्याच्याकडेच आणतात. आणि हौस तर राहतेच. अलीकडे घरगुती हौशी लोकांनी बिटकॉइनची लहान यंत्रे पुन्हा करायला घेतली आहेत. 'बिटॅक्स' नावाचा एक आराखडा सर्वांसाठी खुला आहे; त्यात खास चिप एकच, पण मांडणी ज्याची त्याने करावी. २०२४ च्या जुलैत अशा एका चिमुकल्या यंत्राला खरोखरीच एक पान सापडले. आमच्या पोराचे यंत्र त्याहूनही गरीब. ईएसपी-३२ नावाची काहीशे रुपयांची चिप, काडेपेटीएवढा पडदा, मोबाइलच्या चार्जरवर चालणारे. सेकंदाला लाखभर दळणे धरली तरी, २०२४ सालच्या जगाच्या वेगापुढे, एक पान सापडायला सरासरीने साडेनऊ हजार कोटी वर्षे लागतील. हा हिशेब मी स्वतः केला आणि सहावीच्या मुलाकडून तपासून घेतला. विश्वाचे वय त्याच्या सातव्या हिश्श्याइतके आहे.

"मग हे कशाला चालू ठेवतोस?" मी विचारले.

"पहिल्या वर्षी आठ शून्यं आली की पान लागायचं. आता एकोणीस लागतात," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "माझी आजवर नऊ आलीत."

गेल्या लक्ष्मीपूजनाला त्याने मला दुकानी बोलावले. चौरंगावर लक्ष्मी, केरसुणी, लाह्या-बत्तासे, नवी रोजकीर्द, आणि तिच्या शेजारी ते काडेपेटीएवढे यंत्र, आकडे बदलीत बसलेले. त्याच्या आईने वहीवर स्वस्तिक काढले, हळदकुंकू वाहिले. मग तबक यंत्राकडे नेऊन ती थबकली आणि माझ्याकडे वळली.

"गुरुजी, याला कुठं लावू?"

"चौकटीला लावा," मी म्हणालो. "पंख्यात जाऊ देऊ नका."